तहानलेल्याला पाणी

२३ फेब्रुवारीला शेंडगावात ड्युटी लागली होती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं हे गाव. १८७६ साली याच तारखेला डेबूजी झिंगराजी जानोरकर इथं जन्मले, तेच आपले गाडगेबाबा.

यात्रेत आरोग्यसेवक गोळ्या वाटतो असं लोकांना वाटतं. खरं काम असतं पाण्याचं. जिथं लोक पाणी पिणार तिथं ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात जंतू मारणारा क्लोरीन आहे का ते बघायचं. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. बसल्या जागी रजिस्टरात 'ओटी पॉझिटिव्ह' लिहिणारे मी पाहिलेत. मला त्यांची चीड येते.

साडेअकराला महाप्रसादाच्या मांडवामागं एक खाजगी टँकर लागला. "पावडर टाकूनच आनलं जी," ड्रायव्हर म्हणाला. मी नळी भरली, थेंब टाकले, उजेडात धरली. पाणी होतं तसंच, काचेसारखं. दुसऱ्यांदा केली, तेच. पावडर दाखव म्हटलं तर त्यानं सीटखालून पिशवी काढली. तोंड उघडं, आत ढेकळं, वास जवळजवळ नाहीच. ताज्या टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, झाकण उघडलं की डोळ्यात पाणी यायला पाहिजे. ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. क्लोरीन वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकली काय, न टाकली काय, सारखंच.

तोटी बंद केली. आधी एचटूएसच्या बाटलीत नमुना घेतला; पाणी दूषित असलं की ही बाटली काळी पडते. मग माझ्याजवळच्या सीलबंद डब्यातली पावडर काढली. हजार लिटरला पाच ग्रॅम, टँकर पाच हजाराचा, म्हणजे पंचवीस ग्रॅम. बादलीत कालवली आणि थांबलो. घाई करणारे गढूळच ओततात. चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत घालायची, वरून आणखी अर्धा तास. एकूण तासभर.

तोवर पंगत उठली होती. हातात रिकामे ग्लास घेऊन माणसं उभी.

"काहून बंद केली रे तोटी?" एका आजीनं विचारलं. नऊवारी, पायात चप्पल नाही, पदरानं घाम पुसत होती.

"माय, पाणी चांगलं नाही. तासभर थांबा."

तिनं मांडवाच्या कापडाकडं बोट केलं. तिथं बाबांची दशसूत्री लिहिली होती: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी. तिला वाचता येत होतं की पाठ होतं, कोण जाणे. "बावाच्या गावात तहानलेल्याले पानी नाही देत तू?"

मला उत्तर सुचलं नाही. माझी बाटली सकाळीच संपली होती. हातपंप गावात पलीकडं होता, तिकडं कुणाला तरी कळशी घेऊन पाठवायला हवं होतं. ते सुचलं तेव्हा ती निघून गेली होती. बाबा स्वतः खराटा घेऊन आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन करायचे. त्यांनी तोटी बंद केली असती हे मला पटतं. पण तिला तशी जाऊ दिली असती का?

एक वाजता नळी पिवळी झाली. तोटी उघडली. गर्दीत तिला शोधलं, सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपकेंद्रात टेबलावरची एचटूएसची बाटली पाहिली. काळीकुट्ट झाली होती. आजी त्या दुपारी कुठं पाणी प्यायली, ते मात्र मला कळलं नाही.