तलफ आणि बर्फ

सांगलीत पाहुण्यापुढे गार झालेला चहा ठेवणं म्हणजे 'निघा आता' असं न बोलता सांगणं. चहातून वाफ निघालीच पाहिजे, मग बाहेर पारा चाळिशीला टेकलेला का असेना. भर एप्रिलात मार्केट यार्डाच्या बाजूला दुपारी जाऊन बघा. हळदीची पोती उचलून घामाघूम झालेली माणसं टपरीवाल्याला 'कडक कर, पाणचट नको' असंच सांगत असतात. अशा गावात चहा करून, गाळून, तो मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवणारी बाई लोकांना जरा चक्रम वाटते. आमच्या तासगावच्या आत्यांनी तर फ्रिज उघडून तो बिनदुधाचा जग बघितला आणि काळजीनं विचारलं, "कोण आजारी पडलंय गं घरात?" कारण कोरा चहा ताप आलेल्यालाच द्यायचा, असा त्यांच्याकडचा शिरस्ता.

उन्हाळ्यात प्यायला आपल्याकडे काय कमी आहे? पन्हं आहे, कोकम आहे, ताक आहे. पण दुपारची झोप मोडून चार वाजता उठलं की पन्ह्यानं तहान जाते, तलफ जात नाही. त्या वेळी गॅसपुढे उभं राहून आलं किसायचं जिवावर येतं, आणि चहा तर हवाच असतो. गार चहाचा जन्म माझ्यापुरता या पेचातून झाला. म्हणूनच तो आधी चहासारखा लागला पाहिजे, गार नंतर. पाण्यात ढवळायची पाकिटातली पूड मिळते, तिला मी चहाच्या रंगाचं सरबत समजते.

कृती सोपी आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. एक लिटर पाण्याचा चहा करायचा तर आधी अर्धाच लिटर पाणी खळखळून उकळायचं, गॅस बंद करायचा आणि मग दहाएक ग्रॅम पानाची चहापत्ती टाकून झाकण ठेवायचं. चार-पाच मिनिटांत गाळायचं. आपल्या सवयीनं पत्ती टाकून उकळत बसलात तर दुधाअभावी तो तुरट कडवटपणा थेट जिभेवर येतो. बारीक दाण्याची पत्ती असेल तर ती दोन-तीन मिनिटांतच गाळावी, ती फार लवकर उतरते. चोथा पिळायचा मोह आवरायचा. आणि साखर तिथंच, वाफ निघत असतानाच घालायची. गार चहात वरून घातलेली साखर चमचा कितीही फिरवला तरी तळाशी जाऊन बसते, आणि शेवटच्या घोटाला नुसता पाक तोंडात येतो. उरलेलं अर्धा लिटर गार पाणी साखर विरघळल्यावर.

आता साखर किती? ही चाल मूळची अमेरिकेच्या दक्षिणेकडची. तिथं साधारण पावणेचार लिटरला एक ते दोन कप साखर घालतात, म्हणजे लिटरमागे 50 ते 100 ग्रॅम. ऐकून आमचे डॉक्टर शेजारी कपाळाला हात लावतात. पण आपल्या छोट्या कपात दोन चमचे साखर पडतेच की, लिटरचा हिशेब लावला तर आपणही तिथंच. शिवाय गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम असताना बरोबर वाटलेला चहा बर्फात फिका लागतो. मी सत्तरएक ग्रॅमवर थांबते. उसाच्या जिल्ह्यात राहून याहून खाली उतरणं मला बरं दिसत नाही. गुळाचं म्हणाल, तर गरम चहाला गूळ शोभतो. गारात मात्र त्याचा वास लिंबाशी भांडतो.

1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात रिचर्ड ब्लेचिंडेन हे गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करायला गेले होते. उकाड्यात गरम चहाला कुणी विचारेना, तेव्हा त्यांनी बर्फ घालून तो वाटला आणि झुंबड उडाली, असं सांगतात. ही गोष्ट ऐकून आत्या खूश. "म्हणजे आपलाच चहा!" मग 1879 साली छापलेल्या व्हर्जिनियाकडच्या स्वयंपाकाच्या पुस्तकात साखर घातलेल्या गार चहाची कृती आधीच होती, आणि तीही हिरव्या चहाची, हे मी त्यांना सांगितलं नाही.

घाई करून गरम चहा तडक फ्रिजमध्ये ढकललात तर तासाभरात तो पावसाळ्यातल्या कृष्णेसारखा गढूळ दिसतो. तो नासलेला नसतो. गरम पाण्यात सुटे असलेले कॅफीन आणि टॅनिन गार होताना एकमेकांना धरून बसतात, त्याचा तो गढूळपणा. घोटभर उकळतं पाणी ओतून ढवळलं की पुष्कळदा निवळतो. आसामचा कडक चहा जास्त गढुळतो. त्यामुळे ओट्यावर निवू द्यावा, मग आत ठेवावा. तिकडे अमेरिकेत काहीजण चिमूटभर खायचा सोडाही टाकतात, तुरटपणा मोडायला. मला त्यात सोडाच लागतो.

लिंबू अगदी शेवटी, पेल्यात. थेंब पडले की गडद तांबडा रंग डोळ्यांदेखत फिकट सोनेरी होतो. पोरांना हा खेळ इतका आवडतो की चहा राहतो बाजूला आणि लिंबं संपतात. दूध मात्र घालू नका. लिंबाशी गाठ पडली की पेल्यात पनीरच तयार होतं, तरी विचारणारे विचारतातच.

जगावर झाकण हवं. आमच्या फ्रिजमध्ये खरडा आणि लसणाची चटणी कायम मुक्कामाला, आणि उघड्या चहाला तो वास पटकन लागतो. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा म्हणतात, पण तो उरतो कुठे? दुपारी लाईट गेली की शेजारच्या काकू बरोबर हजर होतात. "हा काही चहा नव्हे बाई," असं म्हणतात आणि रिकामा पेला पुन्हा पुढे करतात.