तुम्ही विचारलंत म्हणून: साधी गाठ परत काहून येते?

मेडिकल चौकात रिपोर्टचं पाकीट हातात घेऊन उभा असलेला माणूस हमखास विचारतो, "डॉक्टर, कॅन्सर नाही म्हणता, मग काढलेली गाठ परत काहून येते?" रिपोर्टवर बहुतेकदा 'ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट' (दात घडवणाऱ्या पेशींच्या अवशेषांपासून जबड्यात होणारी पिशवी) लिहिलेलं असतं आणि जागा असते खालच्या जबड्यात, अक्कलदाढेच्या मागे.

आधी नावाचा घोळ मिटवू. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये हिला ट्यूमरच्या यादीत टाकलं आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टच्या, म्हणजे पिशवीच्या यादीत आणलं. त्यामुळे जुन्या फायलीत ट्यूमर आणि नव्या रिपोर्टात सिस्ट दिसलं, तरी रोग तोच असतो.

आता ती परत का येते ते. या पिशवीचं अस्तर जेमतेम 5 ते 8 पेशींच्या थरांचं. खालची रेघ सपाट, मुळं रोवल्यासारखे कोंब नाहीत, आणि अस्तर भिंतीपासून चटकन सुटतं. संत्रं आणि मोसंबी सोलून बघा: संत्र्याची साल बोट घालताच निघते, मोसंबीची चिकटून बसते. केराटोसिस्ट संत्र्याच्या जातीची. फरक एवढाच, की इथे सुटलेल्या सालीचा कपटा हाडात राहिला तर त्यातून नवी पिशवी तयार होते. शिवाय भिंतीत बारीक पिल्लू-पिशव्या असू शकतात, गाठीवरच्या हिरडीत तसल्याच पेशींची बेटं असू शकतात. म्हणून सर्जन नुसती पिशवी न काढता पोकळीला सुमारे 3 मिनिटं उरलेल्या पेशी मारणारं कार्नॉय द्रावण लावतात किंवा हाडाचा काठ खरवडतात. कार्नॉय लावताना खालच्या जबड्यातली नस सांभाळावी लागते, नाहीतर ओठ बधिर राहतो.

यावर थोडं वाचून आलेले लोक पुढचा प्रश्न टाकतात: "म्हणजे ई-कॅडहेरिन कमी झालं का?" इथे दोन वेगळे सांधे एकात मिसळले जातात. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशीला शेजारच्या पेशीशी जोडतं, तेही कॅल्शियम असेल तरच. पेशीला खालच्या पडद्याशी जखडणारे सांधे निराळे. तिथे इंटेग्रिन आणि लॅमिनिन ही दुसरी प्रथिनं काम करतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर हे डोळ्यांनी दिसतं. निरोगी हिरडीत ई-कॅडहेरिन दाखवणारा तपकिरी रंग पेशींभोवती पोळ्यासारखी जाळी विणतो, पण सगळ्यात तळच्या पेशींचा खालचा काठ कोराच असतो, कारण तिथे शेजारीण नाही. अस्तर सुटतं ते या कोऱ्या काठाच्या बाजूने. त्याचा दोष सरळ ई-कॅडहेरिनवर टाकणं मला पटत नाही.

मग ई-कॅडहेरिन बघण्याचा उपयोग काय? सूज आलेल्या अस्तरात पेशींमध्ये पाणी शिरतं, जाळी तुटक होते. मेलेल्या दाताच्या मुळाशी होणाऱ्या रॅडिक्युलर सिस्टमध्ये हे नेहमीचंच. केराटोसिस्टला सूज आली तर तिचं ओळखीचं रूपच पुसलं जातं, आणि तेवढाच तुकडा आला तर निदान चुकतं. ई-कॅडहेरिनला आतून धरणारं बीटा-कॅटेनिन आणखी बोलकं. एरवी ते पेशीच्या काठाला असतं. कॅल्सिफाइंग ओडोन्टोजेनिक सिस्ट या जबड्यातल्या दुसऱ्या पिशवीत त्याच्या जनुकात बिघाड होऊन ते केंद्रकात जमतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. अमेलोब्लास्टोमा या जबड्यातल्या ट्यूमरमध्ये मात्र आम्ही आधी साधी स्लाइड बघतो: तळच्या पेशी उभ्या रांगेत, केंद्रकं पडद्यापासून दूर सरकलेली. तेवढं स्पष्ट दिसलं तर महागड्या रंगाची गरज बहुधा पडत नाही.

रंग बिघडतो तो बरेचदा प्रयोगशाळेच्या आधीच. नमुना सलाईनमध्ये आला, तर मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात दुपारपर्यंत पेशी विरघळू लागतात. स्पिरिटने तो आक्रसतो. रुंद तोंडाची बरणी घ्या, नमुन्याच्या किमान 10 पट 10 टक्के बफर्ड फॉर्मालिन घाला, मोठी पिशवी असेल तर चीर द्या, 24 ते 48 तास राहू द्या. अस्तर गॉजने पुसू नका, चिमट्याने चेंगरू नका. हाडाचा तुकडा तीव्र आम्लात मऊ केला की प्रथिनं मार खातात. मग रंग लागला नाही याचा अर्थ प्रथिन नव्हतं असा होत नाही. शेजारी निरोगी हिरडीची कंट्रोल स्लाइड नसेल तर असा 'निगेटिव्ह' मी वाचतच नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, त्यामागे अशीही कारणं असतात. आणि सगळे तुकडे पाठवा. एकाच सिस्टच्या भिंतीत एका कोपऱ्यात अमेलोब्लास्टोमा दडलेला असू शकतो, आणि तो सापडला की शस्त्रक्रियाच बदलते.

तरुण वयात एकाहून जास्त केराटोसिस्ट निघाल्या तर गॉर्लिन सिंड्रोमची (अशा अनेक गाठी होणारा आनुवंशिक विकार) तपासणी करून घ्या. बाकीच्यांनी किमान 5 वर्षं दरवर्षी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढावा. 10 वर्षांनंतरही गाठ परत आल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा जुने ओपीजी रद्दीत देऊ नका. नवा त्यांच्याच शेजारी धरून बघायचा असतो.