इस्रायल आळीकडून, थोडी उशिरा आलेली उत्तरं

स्मरणिका समितीनं आठवणी मागितल्या आहेत. आमच्या वर्गातल्या खोड्या आणि शिक्षा बाकीचे लिहितीलच. अलिबागच्या इस्रायल आळीतून शाळेत येणाऱ्या आम्हा मुलांना मधल्या सुट्टीत काही ठरलेले प्रश्न यायचे. तुम्ही ख्रिश्चन की मुसलमान? तुमची मशीद वेगळी का? शनिवारी तुम्ही का नसता? तुझ्या डब्यात कोळंबी कधीच कशी नाही? दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे याची उत्तरं अर्धीमुर्धीच असायची. ती आता पुरी करून देतो. माझ्याबद्दल यात फारसं काही सापडणार नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, ज्यू. गोंधळ शब्दांमुळे व्हायचा. आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराला, मशीद म्हणत, धर्मकार्य करणाऱ्याला काजी आणि उपासाला रोजा. ते शब्द शेजाराकडून आणि त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून आले. आतला धर्म मात्र मोशेचा. परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया किनाऱ्याला लागल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पुढे ही मंडळी तेलाच्या घाण्यावर स्थिरावली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. सोमवारी बैलाला विसावा देणारे ते सोमवार तेली. गावावरून आडनावं पडली: किहीमचे किहिमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर. ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट १९३१ साली आला, तो लिहिणारे जोसेफ डेव्हिड हे पेणकरच. डॉ. जेरुशा झिराड यांचं आडनावही आपल्या झिराडचं. ही यादी इथेच थांबवतो, नाहीतर स्मरणिका आडनावांनीच भरेल.

आता कोळंबीचं. नियम एका ओळीचा आहे: माशाला पर हवा आणि खवले हवेत. बाजारात हा नियम लावायला डोळा लागतो. बांगडा, रावस, बोय चालतात. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं, माकूल हे मुळात मासेच नाहीत, त्यामुळे प्रश्नच मिटतो. मुशी दिसायला मासा, पण तिची कातडी खरखरीत काचकागदासारखी असते. ते खवले कातडीत रुतलेले असतात आणि कातडी न फाटता निघत नाहीत, म्हणून मुशी नाही. शिंगाळ्याला खवलेच नसतात, म्हणून तोही नाही. पापलेटाच्या बाबतीत नवखा हमखास फसतो. त्याचे खवले इतके बारीक आणि सैल असतात की जाळ्यातच बरेचसे गळून जातात आणि टोपलीत तो गुळगुळीत दिसतो. कल्ल्याजवळ आणि पराच्या मुळाशी बोट फिरवलं की उरलेले हाताला लागतात. परंपरेप्रमाणे डेव्हिड रहाबी हे यहुदी शिक्षक बाहेरून कोकणात आले तेव्हा ही मंडळी खरोखर यहुदी आहेत का, हे त्यांनी याच कसोटीवर पाहिलं. त्यांनी मिसळीची मासळी आणून दिली आणि बायांनी पर-खवल्याचे मासे तेवढे निवडून चुलीवर चढवले. प्रार्थना विसरल्या होत्या, ‘शेमा इस्राएल’ (‘हे इस्राएला, ऐक’) एवढं एक वाक्य ओठांवर राहिलं होतं, आणि मासळी निवडणारा हात चुकला नव्हता. आमच्यात धर्म पोथीपेक्षा विळीवर जास्त टिकला, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

मटणाची रीत याहून कष्टाची. जनावर कापायचं ते धर्माची रीत शिकलेल्या माणसानंच. मग मांस अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचं, बाहेर काढून निथळायचं, सगळ्या बाजूंनी मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर ठेवायचं आणि शेवटी तीन पाण्यांनी धुवायचं. रक्त निघून जावं हा हेतू. चूक होते ती मिठात. बारीक मीठ पाणी सुटताच विरघळून आत मुरतं आणि मटण खारट होतं. फार जाड खडे गडगडत खाली पडतात आणि रक्त ओढत नाहीत. पेण-उरणच्या आगरातलं मीठ पाट्यावर जरा भरडून घेतलं की काम बरोबर होतं. फळी सपाट ठेवली तर निघालेलं रक्त खालीच साचून मांसाला लागतं, म्हणून उतार हवा. कलेजीत रक्त इतकं असतं की मीठ पुरत नाही. तिला चिरा देऊन थेट विस्तवावर भाजावं लागतं. मांसाबरोबर दूध, दही, तूप चालत नाही. इथे कोकणानं आम्हाला तारलं. रश्शाला दाटपणा हवा असेल तर नारळाचं दूध आहेच, आणि ते दुधात मोजलं जात नाही. आमच्या रश्शात नारळ इतका का, याचं उत्तर चवीत नसून या नियमात आहे.

आमचा विसाव्याचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो, कारण आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. त्या संध्याकाळी किद्दुश हा आशीर्वाद म्हणताना द्राक्षरसाचा पेला लागतो. कोकणात द्राक्षं कुठून आणायची? म्हणून काळ्या मनुकांचं शरबत. पाव किलो मनुका दोन-तीन पाण्यांनी धुवाव्या, देठ काढावे आणि गुरुवारी रात्री साधारण एक लिटर पाण्यात भिजत घालाव्या. शुक्रवारी सकाळी हातानं चांगल्या कुस्कराव्या, एक उकळी द्यावी आणि फडक्यातून पिळून गाळावं. साखर घालायची नाही. पाणी वाढवण्याचा मोह टाळावा: मनुका पाण्याच्या सहाव्या हिश्शाहून कमी पडल्या तर त्यावर द्राक्षरसाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. चैत्र-वैशाखात भिजवण कोमट जागी राहिली तर सकाळी वर फेस दिसतो आणि आंबूस वास येतो. तेव्हा माठाशेजारी ठेवावी आणि उकळी लवकर द्यावी.

पंचांगाचा भाग मला सर्वांत आवडतो, आणि भूगोलाच्या तासाला तो कुणी शिकवला नाही. आमचे महिने चंद्राचे, तुमच्या पंचांगासारखे. बारा चांद्रमासांचे साधारण ३५४ दिवस होतात, सौरवर्षाला अकरा कमी. ही तूट भरायला मराठी पंचांगात अधिक महिना येतो, आमच्यातही येतो, आणि दोन्हीकडे हिशेब जवळपास एकच: १९ वर्षांत ७ वेळा. फरक जागेचा. तुमच्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो अधिक होतो, मग तो श्रावण असेल नाहीतर ज्येष्ठ. आमच्याकडे वर्ष ठरलेलं असतं आणि महिनाही. दरवेळी अदारच दोनदा येतो. त्यामुळे बहुतेक वर्षी सण हातात हात घालून चालतात. २०२२ साली आमचं नवं वर्ष आणि घटस्थापना दोन्ही २६ सप्टेंबरला, २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरला. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि आमचा जादा अदार पुढच्या फेब्रुवारीत, म्हणून आमचं नवं वर्ष १६ सप्टेंबरला होऊन गेलं आणि घटस्थापनेला १५ ऑक्टोबर उजाडावा लागला. मार्चमध्ये पुन्हा जुळलं. पुरीम आणि होळी शेजारीशेजारी आले.

जुनी माणसं पुरीमला होळीचा सणच म्हणत आणि पुरणपोळी करत. सणांची ती मराठी नावं मला हिब्रू नावांपेक्षा बोलकी वाटतात. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. मागोमाग खिरीचा सण. दहाव्या दिवशी योम किप्पुर, म्हणजे दारफाळणीचा सण: पंचवीस तास निर्जळी उपास, पांढरे कपडे, दारं लावून घरात बसणं. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, भेटीगाठी घ्यायच्या, दानधर्म करायचा, तो शिळा सण. आब महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, तो बिरड्याचा रोजा, कारण त्याला वालाचं बिरडं ठरलेलं. वल्हांडणाला, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सुटकेच्या सणाला, म्हणत आनशी ढाकायचा सण. आनस म्हणजे आंबटाचं मडकं. या आठ दिवसांत आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून मडकं झाकून ठेवायचं. मिसरातून सुटका झाली हे कथानक गावोगाव विसरलं गेलं होतं, पण मडकं दरवर्षी झाकलं जात होतं.

आणखी एक गंमत. आमचा वर्षारंभ रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. बुधवारी आला तर योम किप्पुर शुक्रवारी पडेल, शुक्रवारी आला तर रविवारी, आणि मग उपास व शब्बाथ लागोपाठ येऊन दोन दिवस चूल बंद राहील. म्हणून पंचांग करणाऱ्यांनी एखाद-दुसरा दिवस पुढे ढकलायची सोय ठेवली आहे.

मलिद्याबद्दल विचारणारे सगळ्यांत जास्त होते, कारण तो डब्यातून वाटला जायचा. मलिदा हा नुसता खाऊ नव्हे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावानं, नवस फिटला, नवं घर झालं, लग्न ठरलं, मूल झालं की करायचं ते ताट. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावरची खूण एलियाहूच्या रथाची आणि घोड्याच्या टापेची मानतात. तिथेही मलिदा नेतात. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, एलियाहूचा उरूस असे.

दहा माणसांना पाव किलो जाडे पोहे, एक मोठा नारळ, दीडशे ग्रॅम साखर, सात-आठ वेलच्या, चिमूटभर जायफळ, मूठभर बदाम-पिस्ते-चारोळी. पोहे चाळणीत दोनदा धुऊन पंधरा मिनिटं निथळत ठेवावे, मग बोटांनी मोकळे करावे. भिजत घालू नयेत, लगदा होतो. पातळ पोहे घेतले तरी लगदाच होतो. नारळ त्याच दिवशी खवावा. आदल्या रात्री खवलेला दुपारपर्यंत वास मारतो आणि सगळं ताट फुकट जातं. खवताना काळी पाठ येऊ देऊ नये. साखर अगदी शेवटी, ताट मांडायच्या आधी, कारण तिला पाणी सुटतं. दूध घालायचं नाही: मागून मटणाचं जेवण असतं. पोह्यांचा ढीग मध्ये, भोवती फळं, खजूर आणि केळं त्यात हवंच, आणि सब्जाची किंवा गुलाबाची सुवासिक काडी.

खजूर आणि केळं दोन्ही का, यालाही कारण आहे. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून उगवणाऱ्याचा वेगळा. खजूर पहिल्यात मोडतो, केळं दुसऱ्यात, कारण केळ हे झाड मानलं जात नाही. एकदा घड आला की खांब संपतो. जीवशास्त्राच्या पुस्तकातही केळीच्या खांबाला खोड म्हणत नाहीत, पानांच्या बुडांची गुंडाळी म्हणतात. दोन्ही पुस्तकं याबाबत एकमतानं बोलतात. सुवासाला तिसरा आशीर्वाद. हे म्हणून झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. डब्यात येणारा मलिदा हा उरलेला असायचा.

हे सारं आम्ही मराठीतून शिकलो, आणि ही आजची गोष्ट नाही. डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण १८३२ मध्ये काढलं. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता; आमच्या माणसांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाली, आणि पुण्यात १८७४ मध्ये चित्रांसह. १८८० च्या सुमारास आमच्यात कीर्तनं सुरू झाली. आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं, चाली मात्र साकी, दिंडी, ओवी, आर्या. पुढे बरीच घरं इस्राएलला गेली. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठानं आमच्या विवाहांवर शंका घेतली. त्यासाठी लढावं लागलं, आणि १९६४ मध्ये तो वाद मिटला. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्याच देशात निघू लागलं.

दाराच्या चौकटीवरची डबी कसली, हाही एक प्रश्न असायचा. ती मेझुझा: आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या तळाशी. आतल्या चामड्याच्या पट्टीवर हातानं लिहिलेल्या २२ ओळी असतात. एक अक्षर तुटलं तरी पट्टी बाद, म्हणून सात वर्षांत दोनदा उघडून पाहायची. कोकणच्या पावसात दमट हवेनं शाई फुगते आणि पापुद्रा सुटतो. पट्टी प्लास्टिकात गुंडाळून ठेवली आणि श्रावण सरल्यावर एकदा पाहिली, तर बरीच वर्षं टिकते.

आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग १८४८ सालचं, आजची इमारत १९१० ची. आत येताना डोकं झाकायचं, टोपी नसेल तर रुमाल चालतो. उभं राहून म्हणायची मुख्य प्रार्थना एकट्यालाही म्हणता येते. पण पेटीतून तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी काढून वाचायला आणि गेलेल्यांसाठी कद्दीश म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असतील तर कद्दीश राहतो, गुंडाळी पेटीतच राहते. आळीत आता घरं थोडी आहेत, त्यामुळे वर्षश्राद्धाची तारीख असली की आधी मुंबई-ठाण्याला फोन जातात, आणि दहावा माणूस मांडव्याच्या बोटीतून उतरला का, हे विचारून मगच दिवा लावतात.