प्रोसेसर बदलावा की थांबावे?

जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी संगणक तापतो, म्हणून आज रात्री निवांत बसून मी २०१८ मधील रायझन ५ २६०० प्रोसेसरची तपासणी केली. ग्राफिक्स कार्डावरचा भार कमी करण्यासाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणूनही एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढले नाहीत, तेव्हा अडथळा ग्राफिक्स कार्डाचा नसून प्रोसेसरचाच आहे, याची खात्री पटली.

माझ्या बी४५० मदरबोर्डाचे बायोस (बोर्ड सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यास त्याच सॉकेटमध्ये रायझन ५ ५६०० बसतो. त्याचे कोअर (गणना करणारे भाग) सहाच आणि टीडीपीही (उष्णतेचा ठरवलेला आकडा) ६५ वॅटच, परंतु एल३ कॅश (प्रोसेसरमधील जलद स्मृती) १६ ऐवजी ३२ एमबी असून ती सहाही कोअरना सामाईक मिळते. मदरबोर्ड आणि रॅम बदलावी लागणार नाही, हा मला सर्वांत मोठा दिलासा वाटतो. बायोस मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी आणि यूपीएस जोडूनच अद्ययावत करीन, कारण मध्येच वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.