८३ कॅसेटी आणि एक स्क्रू

२०२२च्या ऑक्टोबरात आमच्या ऑफिसातला एक म्हातारा निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघाला. शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये त्याने मला थांबवलं, डिकीतून बुटांची चार खोकी काढली आणि माझ्या हातात ठेवली. आत कॅसेटी होत्या. सगळ्या एकाच बँडच्या, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या, आणि सगळ्या मैफलींच्या. दुकानातली एकही नाही. "तू कॉम्प्युटरवाला आहेस, एवढ्या डिजिटल करून दे," म्हणाला. आम्ही दोघंही कॉम्प्युटरवालेच होतो, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

तो माझ्याकडेच का आला, त्याचंही कारण आहे. जेवणाच्या सुट्टीत एकदा झाकीर हुसेनचा विषय निघाला होता. मी म्हटलं, आम्ही लहानपणी पुण्यात त्यांना समोर बसून ऐकलंय. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे मिकी हार्टचा दोस्त!" डेडचा ड्रमर मिकी हार्ट १९६७ साली झाकीरभाईंच्या वडिलांना, उस्ताद अल्लारखांना भेटला आणि तालांच्या त्या हिशेबाने पार वेडा झाला. पुढे १९७६ साली त्याने आणि झाकीरभाईंनी डिगा ऱ्हिदम बँडची रेकॉर्ड काढली, नंतर प्लॅनेट ड्रम. डेडची अकरा मात्रांची, दहा मात्रांची गाणी आहेत, ती अशी एकदम आकाशातून पडलेली नाहीत. मी दहा मात्रांचं एक गाणं फोनवरून बाबांना ऐकवलं. पुण्यात बाबांनी मांडीवर हाताने मोजलं असणार, कारण मिनिटभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दहाच आहेत. पण खंड झपतालाचे नाहीत रे." एवढं बोलून त्यांनी तो विषय संपवला.

तर ८३ कॅसेटी. बहुतेक नव्वद मिनिटांच्या. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वदच मिनिटं लागतात, माझ्याकडे तरी त्याला आडवाट नव्हती. सव्वाशे तासांचं काम. मला वाटलं, हिवाळा आहे, रात्री लावून ठेवू, होऊन जाईल.

डेकपासूनच सुरुवात झाली. जुना, दोन मोटरींचा, तीन हेडचा डेक कोणाच्या तरी गॅरेजमधून ऐंशी डॉलरला आणला. उघडला तर आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं. चिमट्याने ओढलं तर च्युइंगमसारखं लांबतंय. पुली पुसायला अल्कोहोल आणि कान कोरायच्या काड्यांचा अख्खा डबा लागला. बायको म्हणाली, आपल्याकडे वॉशिंग मशीन महिनाभर गळतंय, त्याला कधी असा हात लावला नाहीस. मी गप्प बसलो. नवा बेल्ट आठवड्याने आला.

पहिली कॅसेट लावली आणि वाटलं, हे लोक गोधडीच्या आत बसून वाजवतायत. झांजांचा आवाज नाहीच. मी डेकला दोष दिला, मग कॅसेटीला दिला, मग म्हाताऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अझिमथ बघितलास का? हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. हेड टेपला अगदी काटकोनात असलं पाहिजे, किंचित तिरकं झालं की वरचे सूर मारले जातात. आणि ही प्रत्येक कॅसेट वेगळ्या माणसाच्या वेगळ्या डेकवर भरलेली, म्हणजे प्रत्येकाचं हेड आपापल्या परीने तिरकं. माझा डेक 'बरोबर' असून भागणार नव्हतं, प्रत्येक कॅसेटीच्या चुकीशी चूक जुळवायची होती. डावा-उजवा आवाज एकत्र करायचा, हेडफोन लावायचा आणि स्क्रू केसभर फिरवत राहायचा. एका जागी झांजा एकदम उजळतात. ती जागा सापडली की माणूस रात्री एक वाजता एकटाच हसतो. दर कॅसेटीला हे आधी करा, फुसफुस कमी करणारं डॉल्बीचं बटण नंतर बघा. मी उलटं केलं आणि पहिल्या अकरा कॅसेटी पुन्हा उतरवल्या.

मग वेग. ही भानगड मला माझ्या कानांनी दाखवली. एक कॅसेट लावली तेव्हा आत मुलगी तंबोऱ्याच्या ॲपवर सा लावून बसली होती, आणि बँड तिच्याशी भांडत होता. म्हणजे ते लोक काही तिच्या सुरात वाजवणार नव्हते, पण गिटारी कुठल्याच पट्टीत बसत नव्हत्या, दोन पट्ट्यांच्या फटीत अडकलेल्या. टेप सहा टक्के जोरात पळाली की सा चा कोमल रे होतो. ही तीन टक्के पळत होती, म्हणून ना धड सा, ना धड रे. बँडचा सूर ४४० हर्ट्झ या ठरलेल्या मापाला लावलेला असतो हे गृहीत धरून एकेक कॅसेट खाली-वर आणली. हे काम मला सगळ्यात आवडलं. अमेरिकन रॉक बँडची पट्टी तंबोऱ्याने तपासणारा मी पहिलाच असेन असं नाही, पण न्यू जर्सीत आमच्या गल्लीत तरी पहिलाच.

लेबलांची भाषा वेगळीच. प्रत्येक पट्टीवर तारीख, गाव, आणि कोपऱ्यात गिचमिड अक्षरं. हळूहळू कळलं की ही कॅसेटीची वंशावळ आहे. साऊंडबोर्डवरून, म्हणजे कार्यक्रमाच्या मिक्सरवरून थेट घेतलेली की प्रेक्षकांत माईक लावून, कुठला माईक, कुठला डेक, आणि मूळ टेपेपासून ही कितवी पिढी. दर कॉपीला फुसफुस वाढते, म्हणून पाचव्या पिढीची कॅसेट देताना तसं सांगायचं, ही रीत. दुसरी रीत त्याहून कडक होती, ती म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत. अनोळखी माणसाला दोन कोऱ्या कॅसेटी आणि परतीची तिकिटं लावलेलं पाकीट पाठवायचं, तो भरून पाठवतो. बँडलाही हे चालायचं. १९८४च्या ऑक्टोबरात तर त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना साऊंडबोर्डच्या मागे स्वतंत्र जागाच दिली आणि वेगळी तिकिटं काढली. उदारपणा होताच, पण माईकच्या काठ्यांचं जंगल साऊंडवाल्यांना स्टेज दिसू देत नव्हतं, हेही होतं.

हे वाचताना मला आमच्याकडचे काका लोक आठवत होते. कुमारांच्या, मन्सूर अण्णांच्या घरगुती बैठकींच्या कॅसेटी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि ऐकवलंच तर "तुला म्हणून देतो, पुढे कोणाला देऊ नकोस." त्यांचीही बाजू होती. कलाकाराने विश्वासाने गायलेलं असतं. पण त्यातले दोन काका गेले आणि कपाटं कुठे गेली ते घरच्यांनाही ठाऊक नाही.

डिसेंबरपर्यंत साठ झाल्या होत्या आणि माझी वही व्यवस्थित भरत होती. एकसष्टावी कोरी निघाली. म्हणजे भरलेली, पण लेबल नाही. इथे मला डिटेक्टिव्हगिरी करायची हौस आली. बाईचा आवाज ऐकू येत होता, म्हणजे डेडची गायिका डॉना गॉडशॉ, म्हणजे १९७२ ते १९७९ची सुरुवात. ड्रम दोघे वाजवत होते. मिकी हार्ट १९७१च्या फेब्रुवारीत बाहेर पडला होता आणि कायमचा परतला तो १९७६मध्ये, म्हणजे त्याच्या आधीची नाही. १९७८पासून दुसऱ्या भागात दोघा ड्रमरांची लांबलचक जुगलबंदी जवळजवळ ठरलेलीच असे, ती यात नव्हती. उरलं १९७६ आणि ७७. सुरुवातीला गिटारिस्ट बॉब वेअर पुढच्या लोकांना, चेंगरताय, जरा मागे सरका असं एखादा खेळ खेळवल्यासारखं सांगत होता. मग पंचवीस-एक मिनिटं एकातून दुसऱ्यात विरघळलेली दोन गाणी, आणि ती अशी की मी स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच धरून बसलो. आपल्याला काहीतरी सापडलंय, कोणाकडे नसलेलं, याची मला खात्री झाली.

फ्लोरिडाला फोन लावला. मागे सरकण्याचं सांगताच म्हातारा हसायला लागला, तो थांबेचना. "बार्टन हॉल. कॉर्नेल. आठ मे सत्त्याहत्तर." डेडच्या सगळ्यात जास्त हातांतून गेलेल्या टेपांपैकी एक. बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईंनी ती टेप केलेली, २०११ साठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत निवडलेली, २०१७ साली सीडीवर रीतसर आलेली. त्या रात्री मे महिन्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या गावी, इथाकाला, बर्फ पडला होता, हेही प्रत्येक डेडहेडला, म्हणजे डेडच्या चाहत्याला, पाठ असतं. मी सापडलं म्हणत होतो ते ताजमहाल सापडला म्हणण्यासारखं होतं.

"पण पहिला भाग कुठाय?" त्याने विचारलं. "दोन कॅसेटींची जोडी होती, एकीवर लेबल आहे."

माझ्या वहीत आठ मे नव्हताच. मग ट्यूब पेटली. लेबलवर होतं ५/८/७७, आणि मी ते आपल्या रीतीने वाचून ५ ऑगस्टला नोंदलं होतं. "ऑगस्टमध्ये?" म्हातारा म्हणाला, "त्या ऑगस्टमध्ये ते कुठेच वाजवत नव्हते. मिकी जूनमध्ये गाडी घेऊन कोसळला होता, हाडं मोडून पडला होता. सप्टेंबरात इंग्लिशटाऊनला परत आले, मी होतो ना तिथे." इंग्लिशटाऊन माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिथल्या रेसच्या मैदानावर तेव्हा लाखभर लोक जमले होते, आणि हा त्यात सतरा वर्षांचा, बूट हरवलेला. फेब्रुवारीतला एक कार्यक्रम तर मी डिसेंबरात टाकला होता, बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदींचा तोच घोळ. साठच्या साठ पुन्हा तपासल्या. चोवीस चुकीच्या निघाल्या.

जूनपर्यंत मी एवढा मुरलो होतो की न्यूयॉर्कच्या क्वीन्सला सिटी फील्ड स्टेडियमवर डेड अँड कंपनीच्या, म्हणजे डेडमधल्या उरलेल्या काहींनी काढलेल्या बँडच्या, शेवटच्या दौऱ्याचं तिकीट काढलं. २०२३च्या जूनच्या २१ आणि २२ला होते, मी दुसऱ्या दिवशी गेलो. बाहेर पार्किंगमध्ये जत्राच. रंगीत चट्ट्यापट्ट्यांचे टी-शर्ट, तव्यावर चीज सँडविच, आणि एक बोट वर करून फिरणारी माणसं. मी गावंढळासारखा बोटाकडे बघून आभाळाकडे बघितलं. मग कळलं, एक तिकीट हवं, कोणी देईल का, एवढाच त्याचा अर्थ. आत शेजारच्या दोघांचा पहिल्या गाण्यापासून वाद चाललेला, की हे लोक सगळं फार हळू वाजवतात. या बँडला चाहत्यांनी टोपणनावच तसं पाडलंय. मला विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडे एक बंदिश तासभर चालते, मला यात घाई वाटतेय. तेवढ्यावर त्यांनी मला आपल्यातला मानलं आणि मका दिला. दुसऱ्या भागात मिकी हार्टने बीम वाजवायला घेतली, लांब धातूच्या तुळईवर पियानोच्या तारा ताणलेलं त्याचं वाद्य. तो खर्ज कानाला लागतच नाही. बरगड्यांना लागतो. घरी येताना ट्रेनमध्ये मी म्हाताऱ्याला लिहिलं, आजचं रेकॉर्डिंग मिळालं तर मला पाठव. त्याने उत्तर दिलं, आता तू कोऱ्या कॅसेटी पाठव.

त्याची हार्ड डिस्क जुलैत रवाना केली. कॉर्नेलची ती कॅसेट आहे तशी ठेवली. तिच्यात ए बाजू संपते तेव्हा गाणं मधेच तुटतं, बी सुरू होते तेव्हा दोघे गिटारवाले तिसरीकडेच पोचलेले असतात. सीडीवर ते अख्खं मिळतं, पण म्हाताऱ्याला चाळीस वर्षं ते तुटलेलंच पाठ आहे.

गेल्या वर्षी पुण्याला गेलो तेव्हा बाबांच्या चौदा कॅसेटी केबिन बॅगेत घालून आणल्या. एकावर आईच्या अक्षरात 'मन्सूर, नाशिक?' एवढंच, प्रश्नचिन्हासकट. स्क्रू केसभर फिरवला, तंबोरा उजळला, इथवर सगळं सवयीचं. वेगाशी येऊन अडलो. इथे ४४० कुठून आणू? गायकाचा सा त्याचा त्याचा. तो त्या दिवशी काळी एकला होता की पांढरी दोनला, मला कोण सांगणार? बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी गेलोच नव्हतो, पानशेतला होतो." दोन रात्री तशाच गेल्या. तिसऱ्या रात्री, सवयीने, खालची घरघर पुसून टाकायला म्हणून ती पडद्यावर मोठी करून बघितली. डेडच्या टेपांत ती साठ हर्ट्झला असायची, अमेरिकेची वीज साठची म्हणून, आणि मी ती ८३ वेळा पुसली होती. इथे दोन रेषा होत्या. एक साठावर, माझ्या डेकची. दुसरी त्याच्या खाली, साडेएक्कावन्नवर, नाशिकच्या त्या दिवाणखान्यातल्या विजेची, जी पन्नासवर असायला हवी होती.

तीन टक्के. वेग तेवढा उतरवला आणि घरघर तशीच राहू दिली.