आमची वाटचाल: जोड वेळेवर बदलायचा म्हणजे कधी?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात नवी गावं उभी राहू लागली, तेव्हा वडिलांनी एक ट्रॅक्टर आणि दोनचाकी ट्रॉली घेऊन विटा-वाळू वाहायला सुरुवात केली. पुनर्वसनाचं काम ओसरलं तसे आम्ही ऊसवाहतुकीत आलो. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, ट्रॉल्यांवर टाक्या ठेवून गावोगाव पाणी पोचवलं.

या सगळ्या काळात आम्ही सर्वात जास्त जपलं ते ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडाला. हूक, पिन, दांडीचं कडं, साखळी. डांबरी रस्त्यापेक्षा खरा ताण उसाच्या फडातून निघताना येतो. काळ्या मातीत चाकं रुतलेली, पुढं दुसरा ट्रॅक्टर जोडून टोचन दिलेलं, आणि हिसका. पिन आणि कड्यात फट पडली की तोच हिसका घणासारखा बसतो. त्यानं फट आणखी वाढते, मग घाव आणखी जोरात. झीज सुरुवातीला हळू आणि शेवटी झपाट्यानं होते ती यामुळंच. पिन किती वर्षं वापरली यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून नवी पिन आणली की कॅलिपरनं जाडी मोजून वहीत लिहितो. दहावा हिस्सा झिजला की पिन बाद, दिसायला कितीही धड असो. कड्यात वेल्डिंगचा भराव टाकून हंगाम काढा, असं बरेच जण सुचवतात. ट्रॉलीच्या फाळक्याला, पत्र्याला वेल्डिंग आम्हीही मारतो. पिन, हूक आणि कड्याला नाही. कडक पोलादाला ती उष्णता लागली की शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच जातो. भरल्या उसाची ट्रॉली चढावर सुटली तर मागं दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू असतं.

टायरवरचे चार आकडेही बघतो. ३२१८ म्हणजे टायर २०१८ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. हंगाम सोडून ट्रॉली उन्हातच उभी असते, त्यामुळं नक्षी शाबूत असूनही बगलेला भेगा पडतात.

अख्खी ट्रॉली मोडीत काढायचा निर्णय मात्र पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपल्यावर घेतो. दुरुस्तीचा खर्च तर मांडतोच, शिवाय अडलेल्या खेपाही धरतो. ट्रॉली फडात बसली की तोडलेला ऊस वाळतो, काट्यावर वजन घटतं, ऊसतोड टोळीचा दिवस वाया जातो. तो तोटा आमच्या वहीत येत नाही, शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात जातो. दांडीच्या मुळाशी चेसिसला एकदा तडा गेला तर पट्टी मारतो. तिथंच पुन्हा गेला तर ट्रॉली मोडीत.

बाद पिन भंगारात देण्याआधी गॅस कटरनं तिचे दोन तुकडे करतो. अख्खी दिली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रॉलीत जाऊन बसते. खंडेनवमीच्या पूजेला सगळे जोड तपासून झालेले असले पाहिजेत, हा वडिलांचा दंडक अजून चालू आहे.