केळ्यातलं प्रथिन घेऊन जळगाव ते इंदूर

मे महिन्यात जळगावातून काहीही थंड घेऊन निघणं म्हणजे आगाऊपणाच. पारा ४४ वर, आणि माझ्या मांडीवर लशीची निळी पेटी. आत सहा कुप्या, प्रत्येकीत दोनशे मायक्रोलिटर. सहा महिन्यांची मेहनत एवढ्यात मावली होती. गाडी अमळनेरच्या एका दादांची. पेटी काही केल्या खाली ठेवत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, यामा काय शे इतलं?" "केळं," मी म्हटलं. सावदा मागे पडलं तरी त्यांचं हसू थांबेना. रस्त्यावर केळीने लादलेल्या ट्रकांची रांग, आणि आम्ही केळं बर्फात घालून मध्य प्रदेशात निघालेलो.

केळं म्हणजे केळ्यातलं लेक्टिन. पिकल्या गरात सापडणारं, मॅनोज साखरेला चिकटणारं प्रथिन. त्याची एक साखळी साधारण १५ किलोडाल्टनची (किलोडाल्टन म्हणजे रेणूंच्या वजनाचं माप). स्फटिकांच्या अभ्यासात त्याची जोडी दिसली, पण द्रावणात चार साखळ्या एकत्र असतात असं २०१७मध्ये छापून आलं. स्फटिकात रेणू दाटीवाटीने रचलेले असतात, त्यामुळे शेजारी कोण आणि जोडीदार कोण हे ठरवताना घोळ होऊ शकतो. पाण्यात मोकळं असताना त्याचा आकार किती, हे क्ष-किरण अगदी लहान कोनांत कसे विखुरतात त्यावरून कळतं. त्यासाठी आम्हाला सगळ्यात जवळ इंदूरचं इंडस-२ हे वर्तुळाकार यंत्र. परीघ सुमारे १७२ मीटर, त्यात २.५ जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात.

पेटीबद्दल आधी सांगतो. बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमधून काढून थेट भरू नका. लसीकरणाला जाणाऱ्या सिस्टरांकडून शिकलो: पिशवीला पाझर फुटून हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच भरायची, नाहीतर लस गोठते. प्रथिनाचंही तेच. गोठून वितळलं की गुठळ्या होण्याची भीती, आणि गुठळ्या हा या तंत्राचा शत्रू नंबर एक. मोठे रेणू इतके जोरात विखुरतात की चिमूटभर गुठळ्याही लहान कोनाकडचा सगळा आलेख बिघडवतात.

बऱ्हाणपूरला मावा जिलबी खाल्ली, त्यावर जास्त लिहीत नाही. पुढे घाटात ट्रकांमागे अडकलो. सात तास धरले होते, नऊ लागले. पहाटे निघा. आवार अणुऊर्जा विभागाचं आहे, तेव्हा ओळखपत्र आणि सामानाची यादी वरच्या कप्प्यात ठेवा. बीमटाइम, म्हणजे किरण वापरायची वेळ, अर्ज मंजूर झाल्यावरच मिळतो, त्यामुळे सहा महिने आधीपासून तयारी हवी.

पहिली रात्र वाया गेली, आणि चूक शंभर टक्के आमची.

केळी मोजायला आणलेलं टोपलं आधी रिकामं काट्यावर ठेवून धडा करतात ना, तसंच इथे. किरणाला कुपीतलं सगळंच दिसतं: पाणी, मीठ, काच, प्रथिन. म्हणून आधी नुसतं बफर, म्हणजे प्रथिन ज्यात विरघळलेलं असतं ते मिठाचं पाणी, मोजायचं, मग प्रथिनासकटचं, आणि वजाबाकी. उरतं ते फार थोडं, कारण पाण्याची इलेक्ट्रॉन-घनता घन अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे साधारण अणूएवढी लांबी) ०.३३ आणि प्रथिनाची ०.४३च्या आसपास, सारा खेळ या फरकावर. आम्ही लेक्टिन सेफाडेक्सच्या, म्हणजे साखरेच्या साखळ्यांपासून बनलेल्या मण्यांच्या, स्तंभावर पकडून साखरेने सोडवलं होतं, मग डायलिसिस केलं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून बफरमध्ये बुडवून ठेवलं. पण डायलिसिसचं बाहेरचं पाणी जळगावातच ओतून दिलं आणि "कृतीत तर तेच लिहिलंय" म्हणून ताजं बफर नेलं. धडाच चुकला! मोठ्या कोनांकडे वजाबाकी सरळ शून्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशी पिशवीत नमुना पुन्हा भरला, लिटरभर बफरमध्ये रात्रभर थंडीत ठेवला, आणि यावेळी बाहेरचं पाणी बाटलीत जपून ठेवलं. तुम्ही निदान शंभर मिलिलिटर घेऊन जा. प्रथिनाची एखादी कुपी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मापण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमधून काढा. दर मिलिलिटरला १, ३ आणि ६ मिलिग्रॅम अशी तरी मालिका हवी. दाट नमुन्यात रेणू एकमेकांना ढकलतात किंवा ओढतात, पातळ नमुन्यात संकेतच मिळत नाही. खरं काय ते मालिका सांगते. एकच लांब माप घेण्यापेक्षा छोटी-छोटी अनेक घेऊन एकमेकांवर ठेवून पाहा. शेवटची पहिलीपेक्षा वेगळी दिसली तर किरणांनीच प्रथिन बिघडवलंय. थोडं ग्लिसरॉल इथे मदत करतं, पण तेही बफरमध्ये तितकंच हवं.

मग गिनिएचा आलेख: तीव्रतेचा लॉगॅरिदम विरुद्ध क्यूचा वर्ग (क्यू म्हणजे विखुरण्याच्या कोनावरून काढलेली संख्या). रेषा सरळ आली तर उतारावरून त्रिज्या मिळते, पण क्यू गुणिले त्रिज्या १.३च्या आतच राहायला हवं. सुरुवातीला रेषा वर उसळली की आधी संशय गुठळ्यांचा. वस्तुमानासाठी आम्ही ६६ किलोडाल्टनचं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) सोबत मोजलं. चौकडी असेल तर तेवढ्याच दाटपणाला शून्य कोनातली तीव्रता बीएसएच्या जवळ यायला हवी, जोडी असेल तर निम्म्याहून कमी. मधल्या नमुन्यात आमची तीव्रता बीएसएपासून फार लांब नव्हती. एका रात्रीच्या जोरावर मी याहून जास्त बोलणार नाही. आणि हो, अणू दिसतील अशी आशा ठेवू नका. मिळते ती धूसर आकृती, दहा-वीस अँगस्ट्रॉमची. एटसास हे या मापांच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शैक्षणिक वापराला फुकट मिळतं, ते घरूनच टाकून न्या.

परतताना दादांनी विचारलं, "मंग, केळं दिसनं का?" म्हटलं, थोडं दिसलं. ते म्हणाले, "थोडं?" आणि गाडी बऱ्हाणपूरच्या जिलबीवाल्यापाशी उभी केली. उरलेल्या दोन कुप्या पेटीत परत आल्यात, त्या या आठवड्यात जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या थरावर) चढवायच्या आहेत.